सध्या कुठल्या स्टॉपवर?

कॉलेजात नोकरी करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. स्टाफरूमच्या कपाटावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे साठतात ना, तसे ते आपोआप साठतात. एक ओढला की चार अंगावर येतात! त्यातून माझ्याकडे आली माहिती सुरक्षा समिती. म्हणजे गठ्ठे ठेवायला आणखी एक कपाटच मिळालं म्हणा.

मी नाशिकमधल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. कॉम्प्युटर शिकवते म्हणून वर्गातला प्रोजेक्टर, प्राचार्य सरांचा मोबाइल आणि निम्म्या स्टाफच्या घरचे प्रिंटर हे सगळं माझ्या गळ्यात. त्यामुळे प्रत्येक कॉलेजने अशी समिती नेमावी असं वरून पत्र आलं, तेव्हा सरांनी फार विचार केला नाही.

"मॅडम, तुम्ही समन्वयक. बाकी सगळे सदस्य."

"सगळे म्हणजे कोण कोण, सर?"

"सगळे म्हणजे सगळे! सुरक्षा ही सर्वांची जबाबदारी आहे. पत्रातच लिहिलंय."

वाक्य मला आवडलं. मी ते मोठ्या अक्षरांत छापून ऑफिसच्या दारावर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हेडक्लार्क शेजवळ भाऊसाहेब ऑफिसात उभं राहून आपला पासवर्ड सगळ्यांना समजावून सांगत होते.

"अहो भाऊसाहेब, हे काय?"

"तुम्हीच लावलंय की दारावर. सर्वांची जबाबदारी म्हटल्यावर मी एकट्याने धरून बसू का?"

मी पोस्टर काढलं नाही. काढून तरी काय उपयोग होता?

* * *

भाऊसाहेबांच्या पासवर्डबद्दल थोडं सांगायला हवं.

ते रोज ओझरहून बसने येतात. नोकरी लागल्यापासून तीच बस, तीच खिडकी. कॉलेजच्या सगळ्या विद्यार्थ्यांची नावं, फोन, पत्ते त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असतात. या कॉम्प्युटरचा पासवर्ड दर काही आठवड्यांनी बदलावा लागतो, नाहीतर तो उघडतच नाही. दर वेळी नवं काय आठवणार? म्हणून भाऊसाहेबांनी आपली सोय केली. पहिला पासवर्ड "ओझर". पुढे मशीन आकडा मागायला लागलं, तर "दहावा मैल". आकडा हवा ना, घ्या आकडा! मग आडगाव, मग जत्रा, अशी त्यांची गाडी बसच्या एकेका स्टॉपने पुढे पुढे सरकत होती.

"रिटायर होईपर्यंत सीबीएस गाठतो बघा," ते अभिमानाने सांगायचे. सीबीएस म्हणजे आमचं मुख्य बसस्टँड, त्यांचा शेवटचा स्टॉप.

सगळ्या कॉलेजला हे ठाऊक होतं. भाऊसाहेब रजेवर असले आणि कुणाला ऑफिसातून काही हवं असलं, की शिपाई रामदासमामांना फक्त एवढंच विचारायचं, "मामा, सध्या कुठल्या स्टॉपवर?"

मामा बाकावरूनच सांगायचे, "परवाच आडगाव नाका सोडला."

मी भाऊसाहेबांना म्हणाले, "अहो, असा पासवर्ड कुणीही ओळखेल."

"कसा ओळखेल? बसने यावं लागेल त्याला!"

* * *

आता वैशालीबद्दल.

वैशाली माझी टी.वाय.ची विद्यार्थिनी. सटाण्याकडच्या एका गावची, शेतकरी घरातली. वडील नाहीत, घरात काकांचा शब्द चालतो. काकांनी दिवाळीच्या सुट्टीत तिचं लग्न ठरवून टाकलं आणि शेवटचं वर्ष राहिलं तर राहू दे म्हणाले. वैशाली नको म्हणाली. आईने गुपचूप पाठिंबा दिला, तेव्हा कुठे ती परत येऊ शकली. होस्टेल सोडून ती दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहायला लागली. कुठे, ते मी इथे सांगणार नाही. एवढं तरी मी समितीत शिकले.

तिने मोबाइल नंबरही बदलला. परीक्षेचे निरोप नव्या नंबरवर यायला हवेत म्हणून ऑफिसात नोंदवायला गेली.

"सांग गं नवा नंबर," भाऊसाहेब म्हणाले. "मोठ्याने सांग, पंखा वाजतोय."

तिने सांगितला. भाऊसाहेबांनी एकेक आकडा तिच्याहून मोठ्याने म्हणत टाइप केला. मागे रांग उभी. मधला एक आकडा चुकला, तो मामांनी दारातून दुरुस्त केला. मग पत्ता. गल्ली, बिल्डिंग, मजला, सगळं त्याच आवाजात!

वैशाली तिथून थेट लॅबमध्ये माझ्याकडे आली. रडत वगैरे नव्हती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि तिने विचारलं, "मॅडम, माझा नंबर कुणाकुणाला दिसतो?"

साधा प्रश्न. मी कॉम्प्युटरची प्राध्यापक, समितीची समन्वयक. मी मनातल्या मनात मोजायला लागले आणि थोड्या वेळाने मोजणं सोडून दिलं.

"काका आले तर हात धरून घेऊन जातील, मॅडम. मला फक्त परीक्षा देऊ द्या. पुढचं मी बघते."

खरं सांगते, तोपर्यंत मी समितीचं काम कागदापुरतंच करत होते. त्या दिवसापासून मला हसू येण्याऐवजी राग यायला लागला. पण आमच्या लोकांवर फार वेळ रागावताही येत नाही, ही खरी अडचण.

* * *

ओटीपीचंच घ्या.

परीक्षेचं पोर्टल उघडायचं तर ओटीपी प्राचार्य सरांच्या मोबाइलवर येतो. सर सदा मीटिंगमध्ये. म्हणून त्यांनी मोबाइल रामदासमामांकडे देऊन ठेवलेला. सरांची केबिन वरच्या मजल्यावर आणि ऑफिस खाली. जिना चढउतार कोण करणार? मामा गॅलरीत यायचे, कठड्यावर वाकायचे आणि खाली ओरडायचे, "भाऊसाहेब, घ्या लिहून! चार... सात... सात..."

चौकात उभी असलेली पोरंही वर बघून ऐकायची. एकदा तर मधला आकडा भाऊसाहेबांना ऐकू गेला नाही, तो एफ.वाय.च्या पोरांनी कोरसमध्ये सांगितला.

मी मामांना बाकावर शेजारी बसवून समजावलं. ओटीपी म्हणजे घराची किल्ली. ती कुणालाही सांगायची नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, बँकेच्या साहेबालासुद्धा नाही. मामा सिन्नरकडचे, शब्दाला पक्के. त्यांनी मान डोलावली. "नाय सांगणार मॅडम. शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी परीक्षेचे अर्ज भरायचे होते. खाली भाऊसाहेब वाट बघत बसलेले. पोर्टल ताटकळलेलं. बऱ्याच वेळाने मामा गॅलरीत आले, कठड्यावर वाकले आणि अख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल असं ओरडले,

"भाऊसाहेब! ओटीपी आलाय! पण मी सांगणार नाय!"

* * *

पार्किंगमध्ये एक पेन ड्राइव्ह सापडला. सापडलेला पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावू नये, त्यात व्हायरस असू शकतो, हे मी आदल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांनी लिहूनही घेतलं होतं.

मी लॅबमध्ये असताना माइकवर मामांचा आवाज आला. "एक पेन ड्राइव्ह सापडलेला हाय. त्यात हळदीचे फोटो हायेत. नवरी हिरव्या साडीत हाय. ज्याची बहीण असंल त्याने ओळख पटवून घेऊन जावा!"

मी धावत खाली गेले. "कुठल्या कॉम्प्युटरला लावलात?"

"आधी ऑफिसात लावला. कुणी ओळखीचं दिसेना. मग लायब्ररीत लावला, स्टाफरूममध्ये लावला. मग सर म्हणाले, मला दाखवा, मी पुष्कळ लग्नांना जातो."

* * *

लायब्ररी दीक्षित मॅडमकडे आहे. त्यांचं सासर पंचवटीतलं. घरी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंची कुळं सांभाळण्याचं काम. कोण कुठल्या गावचा, त्याचे आजोबा-पणजोबा कधी गोदावरीवर आले होते, ते सगळं त्यांच्या वह्यांत लिहिलेलं असतं.

चहा पिताना मी त्यांना विचारलं, "मग कुणीही यावं आणि कुणाचंही विचारावं, असं चालतं का तुमच्याकडे?"

त्यांना एकदम धक्का बसला. "छे हो! आधी गाव विचारतात, कूळ विचारतात. पटलं तरच मामंजी वही उघडतात, आणि तीही फक्त त्याचंच पान. शेजारच्या पानावर हात ठेवतात. दुसऱ्याचं घर आहे ते, उघडं कसं टाकायचं?"

मला इतका आनंद झाला! समितीच्या सगळ्या पत्रकांत मिळून जे सांगता येत नव्हतं, ते या बाईंच्या घरात रोज पाळलं जात होतं. मी म्हणाले, "मॅडम, हेच! अगदी हेच मला सगळ्यांना सांगायचंय."

बोलता बोलता माझी नजर त्यांच्या मागे काचेवर गेली. पुस्तकं परत न करणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी होती. नाव, वर्ग, पत्ता, मोबाइल नंबर. टाइपही ठळक! तिसऱ्या ओळीत वैशाली.

मॅडमनी मान वळवली. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या आणि चहा तसाच ठेवून यादी काढायला उठल्या.

यादी गेली. पुस्तकं मात्र अजून यायचीच आहेत.

* * *

मग ते ईमेल आलं.

आमच्याकडे आलेलं प्रत्येक ईमेल भाऊसाहेब प्रिंट काढून वाचतात. स्क्रीनवर वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटत नाही. ईमेलमध्ये लिहिलं होतं, की कॉलेजचं खातं आज बंद होणार आहे, तरी सर्व विद्यार्थ्यांची माहिती पासवर्डसह ताबडतोब पाठवावी. खाली एक लिंक. चोराचंच काम, दुसरं काय!

भाऊसाहेबांनी प्रिंटवर आवकचा शिक्का मारला, क्रमांक घातला आणि फाइल सरांकडे पाठवली. सरांनी न वाचता शेरा मारला, "नियमानुसार कार्यवाही करावी." फाइल खाली आली. भाऊसाहेबांनी नियमानुसार उत्तर पाठवलं, की आपल्या पत्रावर जावक क्रमांक व सक्षम अधिकाऱ्याची सही-शिक्का नाही. सबब त्रुटी दूर करून पत्र पुन्हा सादर करावे.

आणि तिसऱ्या दिवशी चोराने ते पुन्हा सादर केलं! जावक क्रमांक होता, सही होती, एक गोल शिक्काही होता.

भाऊसाहेब खूश. "बघा मॅडम, सांगितलं की लोक सुधारतात."

"पाठवलंत काही?" मी विचारलं.

"छे. शिक्का सहीवर पडलेला नाही. थोडा बाजूला पडलाय. परत पाठवलंय, आणि या वेळी तीन प्रती मागितल्यात."

त्यानंतर चोराचं काही आलं नाही. कंटाळला असेल बिचारा.

ते पत्र कुणाचं होतं हे मी भाऊसाहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रिंट पुन्हा हातात घेऊन शिक्का तपासला. मग हळू आवाजात म्हणाले, "पण मॅडम, त्याने शिक्का बरोबर मारला असता तर?"

मी वैशालीचं नाव घेतलं नाही. एवढंच सांगितलं, की आपल्याकडे एक मुलगी आहे. तिचा पत्ता भलत्या माणसाच्या हातात पडला, तर तिचं शिक्षण तिथेच संपेल. आणि तो पत्ता तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

भाऊसाहेबांनी कोण मुलगी, ते विचारलं नाही. पण त्या दिवशी ते बससाठी उठले, तेव्हा पहिल्यांदाच स्क्रीन बंद करून गेले.

* * *

टी.वाय.ची प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. वैशाली वरच्या लॅबमध्ये. मी तिथेच पर्यवेक्षणाला. दुपारी मामा दारात आले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कानाशी येऊन बोलले, "मॅडम, ऑफिसात चला. सटाण्याचे पाव्हणे आलेत."

वैशालीने वर बघितलं, पण मी हसून "चालू दे" अशी खूण केली आणि खाली गेले.

काका भाऊसाहेबांसमोर खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात चहाचा कप. पायाशी डाळिंबांचा खोका. माणूस आडदांड नव्हता, आवाजही चढलेला नव्हता. तेच जास्त अवघड होतं. आमच्या ऑफिसने गोड बोलणाऱ्या माणसाला आजवर कधी नाही म्हटलेलं नव्हतं!

"वर जायला बंदी शे म्हणे, परीक्षा चालू शे," काका सांगत होते. "ठीक. मग तिचा नवा नंबर अन् राहायची जागा तेवढी लिहून द्या. संध्याकाळी भेटतो. आमनी पोर शे साहेब, परकी थोडीच शे?"

"तसं नाही दादा, देतो की," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा लावला.



भाऊसाहेबांनी की-बोर्ड जवळ ओढला. एकेक अक्षर शोधून टाइप केलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. त्यांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काय सांगू दादा, पासवर्ड आठवत नाही."

"रोज तर काम करता ना याच्यावर?"

"वय झालं आता."

काका मामांकडे वळले. "तुम्हाला माहीत असेल."

ओझरपासूनचा एकेक स्टॉप तोंडपाठ असलेले रामदासमामा म्हणाले, "आम्हाला काय कळतंय त्यातलं? आम्ही पाणी देणारे."

दीक्षित मॅडम काहीतरी कामाने आत आल्या होत्या. काकांनी त्यांना विचारलं. मॅडमनी आधी त्यांचं गाव विचारलं. मग कूळ विचारलं. मग शांतपणे म्हणाल्या, "आमच्या लायब्ररीचं मशीन वेगळं असतं हो."

तेवढ्यात प्राचार्य सर जिना उतरून आले. त्यांना यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. काकांनी त्यांच्यापुढे हात जोडले. सरांनी सगळ्यांचे चेहरे बघितले, भाऊसाहेबांचा जरा जास्त वेळ बघितला आणि म्हणाले, "लेखी अर्ज करा. नियमानुसार कार्यवाही होईल."

शेवटी काका माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तर कॉम्प्युटरच्या ना?"

"हो," मी म्हणाले. "पण हे मशीन मलासुद्धा दाद देत नाही."

त्या ऑफिसात उभी असताना मला त्या सगळ्या माणसांबद्दल इतकं प्रेम वाटलं, की डोळे भरून येतील म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

काका बराच वेळ बसले. दुसरा चहा झाला. मग उठून फाटकापाशी जीपमध्ये जाऊन थांबले. डाळिंबांचा खोका मामांनी स्वतः उचलून त्यांच्या जीपमध्ये नेऊन ठेवला. परीक्षा संपली, तेव्हा दीक्षित मॅडमनी लायब्ररीला वेळेआधी कुलूप लावलं आणि आपली स्कूटर मागच्या फाटकातून काढली. मागे तोंडाला स्कार्फ बांधून कुणीतरी बसलं होतं. जीपवाल्याला परतायची घाई होती. दिवस कलायच्या आत काकांना निघावं लागलं.

वैशालीच्या राहिलेल्या परीक्षाही पार पडल्या.

काका येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मला लेखी परीक्षेची हॉलतिकिटं काढायची होती. भाऊसाहेब अजून आले नव्हते. मी त्यांच्या मशीनवर बसले आणि सवयीने चालू स्टॉप टाइप केला. लाल अक्षरं. त्याच्या पुढचा केला. लाल. मागचा केला, तरी लाल.

"मामा," मी हाक मारली, "सध्या कुठल्या स्टॉपवर?"

मामा खिडकीतून बाहेर बघायला लागले.

तेवढ्यात भाऊसाहेब आले. डबा टेबलावर ठेवला, खुर्चीवर हात ठेवून मी उठायची वाट बघत उभे राहिले. मी उठले आणि त्यांनाच विचारलं, "भाऊसाहेब, आता कुठला स्टॉप हो?"

"कसला स्टॉप, मॅडम?" ते म्हणाले. "मी हल्ली मुलाच्या मोटारसायकलवर येतो."

शर्टाच्या खिशातून बसचा पास अर्धा बाहेर आला होता, तो त्यांनी बोटाने आत ढकलला.